काच पुसायची नाही

अरविंद गेल्याचा फोन केला तो मुग्धाने, त्याच्या मुलीने. सकाळी दहाचा सुमार होता. चाळीस वर्षं जुन्या मित्राने अशा वेळी काय बोलावं? मी म्हणालो, “त्याचा चष्मा पुसू नकोस.” ती म्हणाली, “नाही पुसला, काका.” दीड महिना होत आला. त्या वाक्याची मला लाज वाटते, आणि वाटतही नाही.

गेलेल्या माणसांचे चष्मे जमवणं हा अरविंदचा छंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी समा भागातल्या त्याच्या घरी आम्हा विक्षिप्तांचा मेळा भरायचा. मी साबणाची वेष्टनं जमवतो, जयंतीभाई किल्ल्या हरवलेली कुलपं. “आपडे बधा गांडा छीए, सगळेच वेडे,” म्हणत ते लीलो चिवडा पुढे ओढायचे आणि आमच्यापैकी कुणालाच ते खोटं वाटायचं नाही. पण अरविंदने कपाटाचा खण बाहेर ओढला की हसणं थांबायचं. खणात कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक चष्मा आणि एक चिठ्ठी: नाव, मुक्काम, काचेवर काय. ‘कणकेचं बोट.’ ‘हळद.’ ‘औषधाचा थेंब.’ नियम एकच, काच पुसायची नाही. आळीपाळीने एकेक चष्मा लावायचा आणि मिनिटभर गप्प बसायचं. परक्याच्या नंबरातून समोरची ओळखीची माणसं विरघळायला लागायची. एकदा कुणा शाळामास्तरणीचा चष्मा लावून जयंतीभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंबरामुळे आलं, म्हणाले. आम्ही ते मान्य केलं.

माझी बायको सुमन गेली, तेव्हा चौदाव्या दिवशी अरविंद नागरवाड्यात आमच्या घरी आला. बराच वेळ बसला. उठताना चाचरत म्हणाला, “वहिनींचा चष्मा... देशील?” मी भडकलो. “माझी बायको तुझ्या खणात? काही वाटतं का तुला?” त्याने चपला घातल्या आणि जिना उतरला.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या रविवारांकडे फिरकलो नाही. सगळ्यांना वाटलं, मी दुखावलोय. खरं कारण वेगळंच होतं. हॉस्पिटलातून परत आलेला सुमनचा चष्मा मी त्याच दिवशी साबणाने खसाखसा धुतला होता. तिची शेवटची काही सेवा करावी, एवढंच मनात. धुतलेल्या काचा पंच्याने कोरड्या करताना एकदम हात थांबला... तिच्या बोटांचे ठसे त्यावर होते, ते गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या माणसांचे डाग जपले आणि स्वतःच्या माणसाचा मोरीत सोडला! हे अरविंदला कोणत्या तोंडाने सांगणार? सयाजीगंजात एकदा तो समोरून येताना दिसला, तर मी पानाच्या टपरीकडे वळून उभा राहिलो. पान मी खात नाही.

परवा मात्र सुमनचा चष्मा खिशात टाकून समाला गेलो. मुग्धाने खण उघडून दिला आणि ती चहा करायला आत गेली. इतके चष्मे एकदम माझ्याकडे बघायला लागले की मला तिथे एकट्याला बसवेना. शेवटच्या ओळीत दोन कप्पे रिकामे होते. त्यांतल्या एकात फक्त चिठ्ठी होती, अरविंदच्या बारीक अक्षरातली. सुमनचं नाव. मुक्काम नागरवाडा. आणि काचेवर काय, तिथे लिहिलं होतं: ‘धुतलेला असणार. चालेल.’

साबणवाल्या मित्राला तो पुरता ओळखून होता. मी मात्र त्याला टाळण्यासाठी पानवाल्याकडे तोंड करून उभा होतो... मी ढसाढसा रडलो. मुग्धा चहा खाली ठेवून बाजूला बसली.

मग सुमनचा चष्मा मी तिच्या कप्प्यात ठेवला. शेजारच्या कप्प्यासाठी मुग्धाने अरविंदचा चष्मा आणून दिला. त्याची चिठ्ठी मी लिहिली. नाव, मुक्काम समा, उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा. मग नियमाप्रमाणे तो डोळ्यांवर चढवला आणि गप्प बसलो. खोली पातळ झाली. डावा डोळा मिटून मी त्या ठशातून खणाकडे पाहिलं, तर सुमनच्या काचाही डागाळलेल्या दिसल्या, तिने आत्ताच काढून ठेवल्यासारख्या. मिनिट कधीच संपलं होतं. मी चष्मा उतरवला नाही.