तारांची वीण

हरसूलजवळच्या आमच्या शाळेतली सातवीची एकोणीस मुलं घेऊन मी आणि माझे सहकारी गुरुजी एसटीने नाशिकला आलो, ते जुन्या संगणकांचं संग्रहालय बघायला. संग्रहालय म्हणजे एका कॉलेजच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एका निवृत्त इंजिनिअरांनी आयुष्यभर जमवलेली यंत्रं तिथे मांडली आहेत, आणि येणाऱ्यांना ती तेच दाखवतात.

मुलं फारशी हरखली नाहीत. भोकं पाडलेली कार्डं, पापडाएवढ्या फ्लॉप्या, मागे कुबड असलेले मॉनिटर, सगळं त्यांनी हात मागे बांधून रांगेत बघितलं. एकाने विचारलं, "सर, यात गेम हाय का?" नाही म्हटल्यावर तो पुढे सरकला.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर मी डोकी मोजली. अठरा. परत आले तर एक मुलगी पहिल्याच खोलीत एका काचपेटीला नाक लावून उभी होती. तिची आई बांबूच्या टोपल्या विणून हरसूलच्या बाजारात विकते. बाजाराच्या आदल्या दिवशी हीसुद्धा विणायला बसते, म्हणून शाळा बुडते. वर्गात ती शेवटच्या रांगेत बसायची. गणितात तिला काही विचारणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

"चल, सगळे पुढे गेले," मी म्हणाले.

"बाई, हे विणलेलं हाय."

पेटीत तळहाताएवढी एक चौकट होती. तिच्यात केसासारख्या बारीक तारा ताणलेल्या, आणि तारा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे मोहरीपेक्षा लहान एकेक गोल काळी कडी. खाली लिहिलं होतं, जुन्या संगणकाची मेमरी.

"विणलेलं कसं असेल? यंत्राचा भाग आहे तो. कारखान्यात बनतं."

एरवी ती उलट बोलत नाही. पण म्हणाली, "नाय बाई. या उभ्या, या आडव्या, आन् ही एक तिरकी सगळ्यांतून गेलीय. तिरकी शेवटाला घातलीय. आधी घातली असती तर आडवी घालताना लय अडली असती."

इंजिनिअर मागे येऊन उभे होते. त्यांनी किल्ली काढली, चौकट टेबलावर ठेवली आणि तिच्या हातात भिंग दिलं. "बरोबर आहे तुझं. अशा चौकटी बायका हाताने ओवायच्या, भिंगाखाली बसून."

"एक करायला किती दिवस?"

"नक्की माहीत नाही."

"मधेच चुकलं तर? सगळं उसवायचं?"

"तेही माहीत नाही. हे मला आजवर कोणी विचारलं नाही."

मग त्यांनी सगळ्या मुलांना बोलावलं. एक कडी फक्त एक किंवा शून्य लक्षात ठेवते, असं त्यांनी सांगितलं. कुठली तार कशावरून जाते ते मात्र त्यांनी तिला सांगायला लावलं. ती खाली मान घालून, पण न अडखळता बोलली. मुलं भिंगासाठी ढकलाढकली करू लागली. गुरुजी घड्याळ दाखवत राहिले.

बस चुकली. पुढची दीड तासाने होती. गुरुजी माझ्यावर नाराज होते आणि ते रास्तच होतं. मुलांच्या घरी फोन त्यांनाच करावे लागले. मी सगळ्यांना भेळभत्ता घेतला आणि स्टँडवरच्या बाकावर तिच्याशेजारी बसले.

"एवढं नीट सांगता येतं तुला. मग गणिताच्या तासाला गप्प का असतेस?"

तिने पुडीतले शेंगदाणे वेगळे केले. "तुम्ही इचारत नाय."

तक्रारीचा सूर नव्हता. बस नाही आली, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. समोरच्या फलाटावर पेठची गाडी लागली, भरली आणि गेली.

सोमवारी मी तिला अपूर्णांकाचं उदाहरण विचारलं. उत्तर चुकलं. मंगळवारी पुन्हा विचारलं, तेही चुकलं, पण कुठे चुकलं ते तिने स्वतःच शोधलं. बाजाराच्या आदल्या दिवशी ती अजूनही येत नाही. त्या दिवसाचा धडा मी तिला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिकवते.