डब्याच्या फडक्याची गाठ

कस्तुराबाईले मी चोर वाटो. उगाच नाही सांगत. केनवडच्या स्टँडावर धा मानसाइत बोलून दाखवलं तिनं. मी हेमसिंग, बंजाऱ्याच्या तांड्यावरचा, वाशीमच्या मोटारीचा कंडक्टर. "तांड्याच्या मानसाचा काय भरोसा," म्हने. आता बोला!

चोपन-पंचावन सालची गोठ. कस्तुराबाईले नवरा नाही, एकच पोरगी, रंगू. थे वाशीमले सासरी बाळंतीन झाली. माय दर हप्त्याले माह्या हाती डिंकाच्या लाडवाचा डबा धाडे. सोता मोटारीत बसाची छाती नाही, "थे लोखंड कवा उलथीन, काय नेम?" वाशीमच्या स्टँडावर सासू येऊन नवा डबा घे अन् मांगचा रिकामा दे. मोटार केनवडले आली का कस्तुराबाई पह्यले फडक्याची गाठ पाहे, मंग माह्या मिशा. "तूप लागलं काय रे?" मानसाले राग येईन का नाही?

एका दुपारी डबा हाती घेतला अन् कडाडलीच. "हे गाठ माह्या रंगूची नाही! तूच लाडू खाऊन डबा बांधला!"

"मावशी, मी कायले खाऊ? रंगूची गाठ मले का ठाव?"

तवा तिच्या तोंडून निघालं. दोघीले लिहनं येत नाही, म्हून मायनं पोरीले सांगून ठेवलं होतं, का रिकामा डबा तूच बांधत जाय, तीन पीळ देऊन. तुही गाठ आली का मी समजीन, तू बरी हाय. तिसऱ्या कोनाले हे ठाव नव्हतं.

"बांध!" तिनं फडकं माह्या अंगावर फेकलं. "माह्यासमोर बांधून दाखव!"

लोक हासून राह्यले होते. माहं डोस्कं फिरलं, रागारागात बांधलं. हाताले टपावरचं सामान बांधाची सवय. माही गाठ फासाची, टोक ओढलं का सुटनारी. डब्यावर आलेली गाठ साधी होती, दोन येढ्यांची. म्हातारीनं पाह्यलं अन् तिचं तोंड उतरलं. मी चोर नव्हतो. मंग रंगूच्या हाताले झालं काय? देवाशप्पथ, त्या घडीले मी चोर निघालो असतो तं तिले बरं वाटलं असतं.

मलेबी एक आठोलं. "मावशी, दोन खेपा झाल्या, पोरगी कशी हाय पुसलं का सासू म्हनते, झोपली हाय. भर दुपारची."

मोटार वाशीमले पलटली तशी म्हातारी चढून बसली, फडकं मुठीत धरून.

स्टँडामागच्या गल्लीत सासरघरी रंगू तापानं फनफनून राह्यली होती. मायले ओळखे ना. सासू रडे, "तुमी घाबरसान म्हून कळवलं नाही." डायवर बाबूसिंगनं पुढचे पसिंजर बसवलेच नाही, मोटार सरकारी दवाखान्यात नेली. डाक्टर म्हने, उद्यावर गेलं असतं तं हाती लागली नसती. रंगू वाचली.

महिन्यानं डबा पुन्हा सुरू झाला. कस्तुराबाईनं माफी मांगली? नाव नका काढू! पन डब्यासंग एक लहान पुडकं दिलं. त्याची गाठ पाह्यली अन् मले भरून आलं. फासाची, टपावरची, माहीच गाठ. एकदाच पाह्यली होती तिनं.

"हे तुहं हाय," म्हने. "पन घरी जाऊन सोडजो. वाटेत सोडलं तं मले समजते."