जोडी फुटलेल्या बाटल्या

सुलोचना गेल्याचा फोन निपाणीहून तिच्या भावानं केला. सकाळची वेळ होती, मी नुकती पूजेवरून उठले होते. तो म्हणाला, "अक्का, आमची ताई गेली." मी विचारलं, "जेवून गेली का उपाशी?" तो म्हणाला, "आंबील घेतली होती थोडी." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. शेजारीण दारात उभी होती. तिला वाटलं असणार, म्हातारीला काळीज नाही. पण जी बाई जन्मभर जनावरानं काय खाल्लं हेच विचारत राहिली, तिच्याबद्दल दुसरं काय विचारायचं ते मला सुचलं नाही.

ती शिकवायची त्या कॉलेजच्या लोकांनी शोकसभा घेतली. ती थोर होती, ऋषितुल्य होती, असं एकेकानं उठून सांगितलं. मी पंधरा वर्षांच्या वर तिची घरमालकीण होते. थोर वगैरे मला माहीत नाही. ती चहात साखर फार घालायची, चपला जिन्यातच काढायची आणि कितीही बोललं तरी उलट बोलायची नाही, त्यामुळं भांडणाची हौस कधी भागली नाही. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे मी एकदा विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाली. पुन्हा विचारलं नाही.

ती आली तेव्हा माझे मालक जाऊन थोडे दिवस झाले होते आणि मुलगा नोकरीला गुजरातेत गेला होता. आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत तेव्हा एवढे क्लास, एवढे दवाखाने नव्हते. वरची खोली रिकामी होती. तिला बऱ्याच घरांतून नकार आला होता, कारण ती आधीच खरं सांगायची. मलाही सांगितलं, "अक्का, मी खोलीत शेण आणून ठेवणार."

"कशाचं?"

"गव्याचं. राधानगरीकडच्या जंगलातलं."

"वास?"

"म्हशीएवढा न्हाय."

"मग आण की," म्हणाले मी. आमच्यात रोज कपाळाला लागते ती विभूती शेणाचीच असते. आम्हाला शेणाचं सोवळं कुठलं?

सुट्टी आली की ती एसटीनं जंगलाकडे जायची आणि कापडी पिशव्या घेऊन परत यायची. एकाच शेणाचे ती दोन भाग करायची. थोडं ताजं असतानाच छोट्या बाटलीत, औषधात बुडवून, बर्फाच्या डब्यातून आणायची. ते वर तिच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात जायचं. उरलेलं गच्चीवर पोत्यावर वाळत घालायची. वाळलं की परत पिशवीत, पिशवीला चिठ्ठी बांधलेली. वाळलेल्यात गवताचे, पानांचे बारीक तुकडे दिसतात म्हणे, त्यावरून गव्यानं काय खाल्लं ते कळतं. आणि बाटलीतल्यावरून त्याच्या पोटात कोण कोण राहतं ते कळतं.

"पोटात कोण राहणार? जंत?" मी विचारलं होतं.

"जंत न्हवं, अक्का. डोळ्याला दिसत न्हाईत इतके बारीक जीव. गव्याला गवत एकट्याला पचत न्हाय. हे आतले पचवत्यात, मग त्याला मिळतं."

"म्हणजे घरात भाडेकरू."

"व्हय की. अन् भाडं बी देत्यात."

मी चौथी शिकलेली, पण एवढं समजलं. जंगल मोठं असलं तर गवा शंभर तऱ्हेचं खातो आणि पोटात तितक्याच जातीची वस्ती नांदते. जंगलाचे तुकडे पडले, खाणं आखडलं, तर आतली वस्तीही उठून जाते का, हे तिला दाखवायचं होतं. जंगल संपतंय हे सगळेच बोंबलून सांगतात, ते जनावराच्या आतपर्यंत पोचतं हे कुणी दाखवलेलं नाही, असं ती म्हणायची. त्यासाठी तिला जंगल अखंड असतानाचं एक पूर्ण साल हवं होतं. नंतरच्या सालांची तुलना त्याच्याशी व्हायची होती. बाटली आणि पिशवी, दोन्ही. एक नसेल तर दुसरं मुकं.

ते साल तिनं गोळा केलं. पावसात जळवा चावून घेतल्या, थंडीत ताप काढला. होळीच्या सुमारास पिशव्या भरून गच्चीच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. त्या दिवशी ती कॉलेजात होती आणि मी पेठ वडगावला लग्नाला गेले होते. घरात माझी नणंद होती, कोडोलीला दिलेली. मुक्कामाला आली होती. कोल्हापूरकरांना सांगायला नको, होळीला आपल्याकडे शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानाला देतात. नुसत्या जाळून काय करायच्या, कुणाच्या तरी शेवटाला उपयोगी पडू देत, असा रिवाज. पेठेतलं मंडळ टेंपो घेऊन दारोदार फिरत होतं. पोरांनी हाक मारली, "आजी, शेणी हायत का?" नणंदेनं गच्चीवर बघितलं. एवढं वाळलेलं शेण, बांधून तयार. तिला वाटलं, ही शिकलेली बाई दानासाठीच साठवतेय, बिचारीला थापायला येत नसेल. तिनं सगळं उचलून दिलं. वर पोरांना सरबत केलं.

मी दुपारनंतर आले तेव्हा पुढच्या सोप्यात रिकाम्या पिशव्यांची घडी होती. मंडळवाले प्रामाणिक. शेण ओतून घेतलं आणि पिशव्या, चिठ्ठ्यांसकट, आणून दिल्या.

सुलोचना आली. पिशव्या बघितल्या, वर गेली, खाली आली. नणंद कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमचं बी दिलं बघा. पुण्य लागंल." सुलोचना तशीच बाहेर पडली. मी रिक्षात तिच्या शेजारी जाऊन बसले.

नदीकाठच्या स्मशानात शेणींचा डोंगर झाला होता. गावातली प्रत्येक पेठ ओतून गेलेली. तिथला माणूस म्हणाला, "पावणं, यातलं आता तुमचं कुठलं वळखायचं?" तरी ती बसली, पदर खोचून, उकरायला लागली. गव्याचं शेण थापलेलं नव्हतं, त्यामुळं मधेमधे चुरा सापडत होता. पण कुठल्या महिन्याचा, कुठल्या कळपाचा? तेवढ्यात एक मयत आलं. त्यांची माणसं शेणी न्यायला त्याच ढिगाकडे आली. बरोबर एक बाई होती, तरणी. सुलोचनानं तिच्याकडे बघितलं, उठून बाजूला झाली आणि हातातला चुरा ढिगावर टाकला. म्हणाली, "चला अक्का."

घरी नणंद रडकुंडीला आली होती. ते शेण कशाचं होतं ते तोवर शेजारणीनं तिला समजावलं होतं. तरी हट्टी, म्हणाली, "वाया तर न्हाय गेलं न्हवं? कुणाच्या तरी कामाला आलंच की." मी तोंड उघडणार होते. सुलोचना म्हणाली, "व्हय ओ. आलं." आणि तिनं नणंदेला चहा करून दिला, तसाच गोडढाण. मी तिच्या जागी असते तर त्या बाईला कोडोलीच्या गाडीत बसवून आले असते. हे मी नणंदेलाही सांगितलं आहे.

मी तिला म्हणाले, "फुडल्या साली परत आण की. गवं काय पळून जात्यात?" गवे पळाले नाहीत, जंगल गेलं. त्याला लागून खासगी मालकीची झाडी होती ती त्याच उन्हाळ्यात तुटली, मग वणवा लागला, आणि गवे उसात उतरायला लागले. तिच्याजवळ नंतरच्या सालांचं सगळं होतं. आधीचं जे हवं होतं, त्याच्या नुसत्या बाटल्या. मोठ्या शहरातले एक साहेब आले होते, माझ्या घरी जेवले. ते तिला म्हणाले, मागच्यापुढच्यावरून अंदाजानं भरून टाका, कोण बघतंय. ती म्हणाली, "मी बघतीय की." ते हसले. मी भाकरी वाढायची थांबवली. पुढं तिचा निबंध कुठं छापला गेला नाही, तिला बाहेरून बोलावणं येणार होतं तेही आलं नाही. ती आपली कॉलेजात शिकवत राहिली आणि सुट्टीत जंगलात जात राहिली, पहिल्यासारखीच, फक्त बोलणं आणखी कमी झालं. ती वर जेवायची, मी खाली. दोन माणसांच्या दोन चुली. आज वाटतं, एक चालली असती. पण तिनं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

एकदा मी विचारलं, "माणसाचं बी गव्यागतच असतंय का पोटात?"

"असतंय की. ज्यांच्यासंगं राहतो, ज्यांच्यासंगं जेवतो, त्यांच्यातलं थोडं आपल्यात येतं."

"अन् एकट्या माणसाचं?"

"तपासलं न्हाय अजून," म्हणाली.

नंतर भारनियमनाची वर्षं आली. वीज तासन् तास जायची. सुलोचना कॉलेजातून धावत यायची, बर्फाची लादी फोडून फ्रीजमध्ये भरायची. ती जंगलात असली की बर्फ मी आणायची. जिना चढताना कंबर मोडायची. एकदा चिडून म्हणाले, "मुक्या बाटल्या न्हवं ह्या? मग कशाला सांभाळतीस?" तेव्हा तिनं सांगितलं. परदेशात आता अशी रीत निघतेय, की बाटलीतल्या एवढ्याशा शेणातूनच कळेल गव्यानं काय खाल्लं होतं. पिशवीची गरज पडणार नाही. आपल्याकडे यायला वेळ लागेल, खर्चही फार. "पण येईल, अक्का. तवर थंडी तुटाय नको. एकदा वितळलं की मग कायमचं गेलं." मी बर्फ आणत राहिले.

गेल्या दिवाळीनंतर तिला पोटाचं दुखणं लागलं. पोटाचंच. ऑपरेशनला भावाकडे निपाणीला गेली, आठवड्यात येते म्हणाली. जाताना खोलीची किल्ली दिली. मी म्हणाले, नीट जेव. म्हणाली, तुम्हीपण.

भाऊ येऊन पुस्तकं, भांडी, गादी घेऊन गेला. भला माणूस आहे. फ्रीज उघडून म्हणाला, "अक्का, हे काय करायचं?" मी म्हणाले, राहू दे. कॉलेजच्या लोकांना शोकसभेतच विचारलं होतं. बाटल्या महत्त्वाच्या आहेत, माणूस पाठवतो, असं तिला ऋषितुल्य म्हणणारे कॉलेजातलेच एक साहेब म्हणाले. अजून कुणी आलेलं नाही. मुलगा फोनवर म्हणतो, आई, खोली भाड्यानं दे, क्लासच्या पोरी रांग लावतील. बरोबरच म्हणतो. देणार आहे मी. रिकामी खोली ठेवण्याइतकी मी हळवी नाही.

पण अजून दिलेली नाही. खोलीत आता भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आणि कोपऱ्यात फ्रीज, दुसरं काही नाही. वीज गेली की मी जिना चढते आणि त्याच्याजवळ बसते. दार उघडत नाही, उघडलं की गार हवा जाते. उशीर व्हायला लागला तर खाली शेजारणीच्या सुनेला बर्फासाठी हाक मारते. ती विचारते, "आजी, आत हाय तरी काय?" मी सांगते, जंगल हाय. ती हसते आणि बर्फ आणायला जाते. वीज आली की फ्रीज एकदा थरथरतो आणि घुमायला लागतो. तो नीट लागला का ते थोडा वेळ ऐकते, आणि मग कठडा धरून खाली येते.