आबांनी केलेली तक्रार

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ज्या घरी चौकशीला गेले, ते घर आमचंच होतं.

समाजकार्याची पदवी घेऊन मी राजारामपुरीतल्या एका संस्थेत लागले होते. घरात त्रास होणाऱ्या वृद्धांचे फोन घ्यायचे, त्यांच्या घरी जाऊन मार्ग काढायचा, हे आमचं काम. त्या दिवशी जाधवमॅडम (माझ्या वरिष्ठ, आवाज असा की समोरचा आपोआप खरं बोलतो) म्हणाल्या, "चल, शिवाजी पेठेत जायचंय. एका आजोबांचा फोन आलाय. घरात मानसिक छळ होतोय म्हणे."

मानसिक छळ! माझं रक्तच उसळलं. रिक्षात बसल्या बसल्या मी त्या घरातल्यांना मनातल्या मनात चांगलं झापलं. रिक्षा आमच्या गल्लीत वळली तेव्हा वाटलं, अरेरे, आपल्या गल्लीत अशी माणसं! ती आमच्या दारात थांबली, तेव्हा मात्र मी मॅडमची बाही धरली.

"मॅडम, ते..."

"बोलू नकोस. नुसतं बघ," मॅडमनी बजावलं आणि बेल दाबली.

दार आईनं उघडलं. "आज लवकर गं? डबा खाल्लास न्हवं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

आत आबा, म्हणजे माझे आजोबा, खुर्चीत बसले होते. मला बघून जरा दचकले, पण माघार घेतील तर ते आबा कसले!

"कोण छळतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"ही की!" आबांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "रोज सांजच्याला खुर्ची वढून म्होरं बसती. 'आबा, तुम्हाला आतून काय वाटतंय?' काय न्हाय म्हटलं, तर म्हणती दाबून ठेवू नका. आमटी झकास झालीया म्हटलं, तर म्हणती, 'म्हणजे तुम्हाला आमटी आवडली असं वाटतंय!' पोलीससुदीक इतकं इचारत न्हाईत वो!"

(खरं होतं. नोकरीआधी सराव म्हणून मी आबांनाच धरलं होतं. संस्थेचा नंबरही त्यांच्या मोबाइलमध्ये मीच घालून दिला होता, अडीनडीला असावा म्हणून!)

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मॅडमनी मात्र काहीच विचारलं नाही. चहा घेतला, भडंगाची वाटी पुढं ओढली आणि म्हणाल्या, "यंदा फुटबॉल जोरात हाय म्हणं."

झालं! आबा सुटलेच. मैदान, गोल, पंचाशी झालेली भांडणं... मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "मॅच बघून आलो की आमच्या मंडळींना सगळं सांगायचो. तिला त्यातलं कायबी कळायचं न्हाय, पर ऐकायची. ती गेल्यापास्नं मी मैदानात जाईतच न्हाय. येऊन सांगायचं कुणाला?"

इतके दिवस प्रश्नांचा भडिमार करून मला हे कळलं नव्हतं.

जाताना मॅडमनी निकाल दिला, "रविवारी आजोबांना मैदानावर न्यायचं. आणि एकही प्रश्न विचारायचा नाही!"

नेलं. दातावर दात ठेवून शेजारी बसले. आबा अखंड बोलत होते, गोल झाला की माझ्या पाठीत धपाटा घालत होते, आणि मी नुसती मान हलवत होते. मध्यंतरात पलीकडे बसलेल्या एका अनोळखी पावण्यांनी आबांना हळूच विचारलं, "नात व्हय? बोलता येत न्हाय काय तिला?"

"पयलं लई बोलायची वो," आबा माझ्याकडं मायेनं बघत म्हणाले. "आत्ता कुठं बरी व्हायला लागलीया!"

पावण्यांनी हळहळून पुडीतले निम्मे शेंगदाणे माझ्या हातावर ओतले. माझ्या समाजसेवेची पहिली लाभार्थी मीच ठरले!