मंगळवारचा श्वास

छातीत किती सूज आहे ते नुसत्या फुंकरीवरून कळतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी त्यांना ज्योतिषाकडे आणलंय असं त्यांना वाटलं असावं. टेबलावर एक छोटं यंत्र होतं, त्याला नळी. श्वासनलिका सुजल्या की श्वासात एक वायू जास्त येतो, तो हे यंत्र मोजतं. दहा सेकंद संथ फुंकायचं आणि पडद्यावरचा फुगा दोन रेघांच्या मध्ये तरंगता ठेवायचा, एवढंच काम. बाबांनी चूल पेटवायची असल्यासारखं फुंकलं आणि फुगा वर जाऊन फुटला.

चौथ्या प्रयत्नात आकडा आला. तो वाईट होता.

"औषध चालू असून एवढी सूज? आकडा उतरला नाही तर वाडी काही महिने बंद, आजोबा," बाई म्हणाल्या. "धूळ नको, पाचोळ्याचा धूर नको. मुलीकडे राहा."

मुलगी म्हणजे मी, नायगावला बाराव्या मजल्यावर राहणारी. बाबा माझ्याकडे एकदाच राहिले होते आणि सकाळीच आपल्या केळी-भाजीच्या वाडीवर परत गेले होते. पायाखाली लोकांची स्वयंपाकघरं आहेत, मग जमिनीवर पाय ठेवायचा कुठे, असा त्यांचा सवाल होता. वाडीवेगळे बाबा मी पाहिलेलेच नाहीत, आणि मला ते पाहायचेही नव्हते.

सुटकेचा मार्ग त्यांनीच शोधला. चाचणीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, आदल्या दिवशी पालेभाज्या, मुळा, बीट खाऊ नये, आकडा वाढू शकतो. बाबा लाल माठ जेवून गेले होते. झालं, सगळं खापर माठावर! तीन आठवडे त्यांनी पालेभाजीला हात लावला नाही. स्वतःच्याच वाडीतला माठ उपटून कुंपणापलीकडे काकांना देऊन टाकला. फुंकायचा सरावही सुरू झाला. पपईच्या पानाचा पोकळ देठ तांब्यातल्या पाण्यात बुडवून बाबा बुडबुडे काढायचे आणि काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कुंपणाला टेकून खोकत खोकत दहापर्यंत मोजायचे. काकांनाही दमा होता, पण डॉक्टरचं नाव काढलं की ते केळीत पाणी सोडायला निघून जायचे.

दुसऱ्या चाचणीला बाबांनी असं फुंकलं की फुगा दोन रेघांमधून हलला नाही. आकडा मात्र पहिल्यापेक्षा वर गेला.

"इन्हेलर रोज घेता ना?"

"अगदी नेमाने."

"कसं घेता ते दाखवा बघू."

"आज कसं आणणार?" बाबा म्हणाले. "आज मंगळवार."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे.

"मंगळवारी ते भावाकडे असतं."

मग सगळं बाहेर आलं. आमच्या आणि काकांच्या वाडीच्या हद्दीवर बावखल आहे, शिंपण्याचं मोठं उघडं तळं. माझ्या आजोबांनी वाटणी करताना पाण्याची पाळी ठरवून दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार काकांचे. रविवारी कुणीच पाणी उपसायचं नाही, तळ्याला विसावा. दोघा भावांनी ती पाळी कधी मोडली नाही. इन्हेलर घरात आलं तेव्हा त्यांनी तेही त्याच पाळीला लावलं. रोज सकाळी ते पंच्याने पुसून कुंपणावरून इकडून तिकडे जात होतं. आणि रविवारी तळ्याबरोबर तेही विसावत होतं!

"अहो, हे औषध आहे, पाणी नाही," बाई कळवळून म्हणाल्या.

"दम त्यालाही लागतो, बाई. मी एकट्याने कसं घेऊ?"

मला हसू फुटणार तेवढ्यात ती सकाळ आठवली. बाबा ओट्यावर वाकून बसलेले, ओठ काळेनिळे, शब्द फुटत नव्हता. त्या सकाळमुळेच तर आम्ही इथे आलो होतो. तो गुरुवार होता. औषध चाळीस पावलांवर, काकांच्या कपाटात.

"हाक का नाही मारलीत?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"त्याची पाळी होती, बाय."

मी तडक काकांकडे गेले आणि त्यांनाही नाही नाही ते बोलले. त्यांनी कपाटातून इन्हेलर काढून दिलं. त्याच्या पाठीवर किती फवारे उरले ते दिसतं. दोघं घेत असते तर ते संपत आलं असतं. अर्धंही संपलं नव्हतं. औषध मीच आणत होते. ते इतकं कसं पुरतंय हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"काका, तुम्ही घेतच नव्हता?"

"दादाला लागेल म्हणून ठेवत होतो," काका म्हणाले. त्यांनी कपाटाचं दार लावलं. "त्या गुरुवारी पण इथंच होतं."

दोन दिवसांनी काका स्वतःहून दवाखान्यात आले आणि त्या नळीत फुंकून गेले. आता दोघांची दोन इन्हेलरं आहेत. बाबांचा आकडा उतरला, बाबा वाडीतच आहेत, माठ पुन्हा पानात आला आहे. पाण्याची पाळी तशीच चालू आहे आणि रविवारी बावखल विसावतं. औषध मात्र दोघं रोज सकाळी कुंपणाशी येऊन एकमेकांसमोर घेतात. दुसऱ्याने खरंच घेतलं, यावर दोघांचाही विश्वास नाही.