आत्राम सर आणि वाघिणीचा फोटो

बोलताना आत्राम सरांच्या हाताला चाळा लागायचा. शर्टाच्या खिशातून ते आपला चंदेरी, तळहाताएवढा कॅमेरा काढायचे आणि चालू-बंद करत राहायचे. भिंग बाहेर, भिंग आत. पालकसभा असो की साहेबांची तपासणी, ती बारीक घरघर चालूच. झरी जामणी तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या आवाजाने माझं डोकं उठलं. मी यवतमाळची, नोकरदारांच्या शांत घरातली. हे मुख्याध्यापक मात्र खुर्चीत टिकायचेच नाहीत. फळ्यापासून खिडकीपाशी, खिडकीपासून अंगणात.

माझ्याकडे तेव्हा नवा फोन होता आणि त्याचा मला चांगलाच माज होता. साहजिकच आमची जुंपली. सर लांबच्या तारेवरचा नीळकंठ टिपायचे, तर पंखांची रेघ न् रेघ दिसायची. मी तोच फोनवर ओढून मोठा केला की निळा डाग उरायचा. पण स्नेहसंमेलनाला मंडपात उजेड कमी पडला, तेव्हा माझ्या फोनमध्ये मुलांचे चेहरे लख्ख आले आणि सरांच्या कॅमेऱ्यात नुसती भुतं. सर फुगले. बरेच दिवस कामापुरतंच बोलले. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, तुमचा फोन लय हुशार हाय. पण त्याच्या पोटात काही राह्यत नाही." काढला की पाठवला, काढला की पाठवला, हे त्यांचं दुखणं होतं. मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

गंमत म्हणजे कौतुकाची हौस त्यांनाच जास्त. वणीला जाऊन, इंटरनेटच्या दुकानात बसून ते जिल्ह्यातल्या एका वर्तमानपत्राला पक्ष्यांचे फोटो पाठवायचे. एकही छापून आला नाही. तरी रविवारचा अंक आला की आधी शेवटचं पान उलटायचे आणि मग उगाच हवामानावर बोलायला लागायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत वाघ आल्याची आवई उठली. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी फोनने लांबून काढलेला फोटो टाकला होता. झुडपाशी पिवळट काहीतरी. कोणाला त्यात पट्टे दिसले, कोणाला वासरू. तो फोटो इतका फिरला की वाघ एकाच वेळी विहिरीवर, शाळेमागे आणि शेजारच्या गावातही असल्याचं लोक सांगू लागले. गावाबाहेर कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती आहे, तिथली मुलं शाळेत येईनात. काही बाया भीतीने घरी बसल्या. काही म्हणाल्या, सगळी थाप आहे, आणि एकट्याच वेचायला गेल्या. एकट्या जाऊ नका, हे वनरक्षक सांगून दमला. सर वर्गात नुसते येरझारा घालत होते, कारण पोडावरच्या प्रत्येक घरात त्यांचा कोणी ना कोणी विद्यार्थी होता.

एका सकाळी ते वनरक्षकाबरोबर टेकडीवर गेले आणि शाळा भरायच्या वेळेला धापा टाकत परत आले. त्यांनी कॅमेऱ्याची पाठ माझ्यासमोर धरली. नाल्याच्या वळणावर वाघीण पाणी पीत होती आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं. मिशीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. असा फोटो मी तोवर कोणाकडे पाहिला नव्हता. माझा हात आपोआप फोनकडे गेला. त्या पडद्याचा फोटो काढायला मी फोन उचलला, तसा सरांनी पडद्यावर तळहात ठेवला.

"नका काढू, मॅडम. हा गेला की उद्या इथं गाड्यायची रांग लागन. पिल्लं पाहाले लोकं नाल्यात उतरतीन, वाघीण बिथरन. अन् मंग आपल्या बायायनं कापूस कसा वेचाचा?"

मी फोन शाळेच्या कपाटात ठेवला. त्या दिवशी आम्ही पोडावर घरोघर फिरलो. सर आधी फोन बाजूला ठेवायला लावायचे आणि मग कॅमेरा हातात द्यायचे. ज्यांनी वनरक्षकाचं ऐकलं नव्हतं, त्या बाया त्या एवढ्याशा पडद्यात डोकं घालून पाहायच्या आणि मग सरांचं ऐकायला सरसावून बसायच्या. पिल्लं आहेत म्हणजे ती हलणार नाही. नाल्याकडची शेतं सोडा, घोळक्याने जा, उन्हं चढल्यावर जा, एवढंच सर सांगत होते. माझे हात मात्र सारखे रिकाम्या पर्सकडे जात होते, त्याची मला लाज वाटत होती.

पुढे उन्हाळ्यात वाघीण पिल्लं घेऊन जंगलात दूर निघून गेली. पोडावर कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

सरांना जाऊन आता वर्ष होईल. शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल खूप लिहून आलं, पण ही गोष्ट त्यात कोणीच लिहिली नव्हती, कारण ती पोडाबाहेर कोणाकडे गेलीच नव्हती.

त्याच्या बरंच आधी माझी नेरला बदली झाली, तेव्हा निरोपाच्या चहाला मी त्यांना म्हटलं, वाघीण तर केव्हाच गेली, आता तरी तो फोटो वर्तमानपत्राला पाठवा, या वेळी छापतीलच. सरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, तो आता नाही. त्या दिवशी पोडावरचं शेवटचं घर झालं आणि तिथेच ओट्यावर बसून त्यांनी तो पुसून टाकला होता.

मला भयंकर राग आला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो एक फोटो. रागाच्या भरात मी त्यांच्याच बोलीत विचारलं, "काहून पुसला, सर? कॅमेऱ्याच्या पोटात तर राह्यते म्हणत होते ना?"

"कॅमेऱ्याच्या राह्यते, मॅडम," ते म्हणाले. "माह्या पोटात नसता राह्यला."