अंगठा उचलेपर्यंत

बोलण्याआधी ते टेबलाच्या कडेवर उजव्या हाताचा अंगठा दाबायचे. दाबून क्षणभर थांबायचे आणि मग बोलायचे. बोलून झालं की अंगठा वर, मग समोरच्याची पाळी. समोरचा बोलत असताना काहीही झालं तरी तो अंगठा खाली यायचा नाही. समोरचा गप्प झाला तरी ते आणखी जरा थांबायचे. न जाणो, त्याचं काही राहिलं असेल.

ते सैन्यात सिग्नलला होते. विशीपासून चाळिशीपर्यंत डोंगरातल्या ठाण्यांवर रेडिओ लावणं, चालू ठेवणं, बिघडला की उघडणं आणि त्यावर बोलणं एवढंच त्यांनी केलं होतं. सेटवर बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, ती सवय अंगठ्यात उरली होती.

राजारामपुरीत एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर नेटवर्किंगचा क्लास आहे. तिथं मी इंटरव्ह्यूत कसं बोलायचं ते शिकवते. हे ऐकून माझ्या घरचे अजून हसतात. शाळेत मराठीत बोललं की दंड व्हायचा, त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं आहे. बोलायची सवय मात्र मला कुठल्याच भाषेत नाही.

आपल्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, तसं क्लासमध्ये त्यांनाही सगळे मेजर म्हणू लागले. पहिले काही दिवस ते प्रत्येकाला सांगत, "मेजर न्हाय. हवालदार." पुढं त्यांनी ते सोडून दिलं. गाव चंदगडकडचं. बोलण्यात तिकडचे हेल, इथली भाषा आणि फौजेतली हिंदी, सगळं एकात एक. राहायला शिवाजी पेठेत, बहिणीकडे. बहिणीचा नवरा, म्हणजे त्यांचे दाजी, दवाखान्यांना आणि दुकानांना वॉचमन पुरवायचे. त्यांच्याकडची जागा तयारच होती. मेजरांनी मुदत मागून घेतली होती.

"दिवाळीपातूर थांबा म्हटलंय," ते मला म्हणाले. "तवर मशिनीचं काम मिळालं तर मिळालं. न्हायतर दाजी म्हणतील तिथं हुभा ऱ्हातो."

"पण तिथं काय वाईट आहे?" मी विचारलं.

अंगठा टेकला. थांबला. "वाईट न्हाय, मॅडम. पर वर्दी एकदाच घालायची असती. आता बिनवर्दीचं वळखू देत की लोकास्नी, ह्यो काय काम करतोय ते."

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. बँकेच्या दारात, एटीएमच्या खुर्चीत. आपण त्यांना रांग कुठली ते विचारतो. आधी काय करत होता, ते विचारत नाही.

ते फार हुशार होते असं मी म्हणणार नाही. दोन बोटांनी टाइप करायचे. त्यांना येणारे सेट आता फौजेतही राहिले नव्हते, आणि क्लासमधलं नवं सगळं स्क्रीनवरचं होतं, हात लावून उघडता न येणारं. रोज सगळ्यांच्या आधी यायचे आणि कालचं आज पुन्हा करून बघायचे. परीक्षेत दुसऱ्या वेळेला पास झाले. पेढे आणले, तेही सगळ्यांना एकेक करून, प्रत्येकाचं खाऊन होईपर्यंत थांबून.

माझ्याकडे आले ते त्यानंतर. सरावाचा इंटरव्ह्यू. मी म्हटलं, "स्वतःबद्दल सांगा." अंगठा टेकला. आणि शांतता.

"सर, लगेच बोलायचं," मी म्हणाले. " मध्ये गॅप पडला की त्यांना वाटतं, येत नाही."

"येत असलं तरी?"

"येत असलं तरी."

त्यांनी मान हलवली. मग मला समजावून सांगितलं. बटण दाबल्या दाबल्या बोललं, तर पहिला शब्द पलीकडं पोचतच नाही. "मत आना म्हनायचं आणि मत गेलं, तर मानसं येत्यात की, मॅडम. आमच्याकडं उस्ताद हातावर छडी मारायचा. आधी दाब, मग थांब, मग बोल."

हे सगळं मी कशी मोडून काढणार होते? पण मला पगार त्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा अंगठा काळ्या इन्सुलेशन टेपनं तळव्याला चिकटवलेला होता. सगळा क्लास हसला. तेही हसले. "ह्यो ऐकत न्हाय, म्हनून बांधला." मी प्रश्न विचारला. ते हाताकडे बघत राहिले. तोंडातून एक शब्द फुटेना. शेवटी मीच ती टेप सोडवली.

त्याच आठवड्यात दाजी वर आले. मोठा आवाज, तोंडात पान, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला वॉचमनचा आकाशी शर्ट.

"पावणं, माप बघून घ्या बरं! दिवाळी आली की." मग माझ्याकडे वळून, "काय ओ मॅडम, ह्येंला इंग्लिश शिकवतायसा का मुकं करतायसा? घरात मीठ मागायला बी इचार करत बसत्यात!"

"दाजी, क्लास चालू हाय," मेजर म्हणाले.

"आवं, असू दे की! आमच्या कामातबी वॉकीटॉकी हाय. तितं डोंगरावरनं बोलत हुता, आता गेटावरनं बोला. काय फरक पडतोय?"

मेजरांनी शर्ट पिशवीतून काढलाही नाही. पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि दाजींचं बोलणं संपायची वाट बघत बसले. ते संपेपर्यंत चहा आला, पिऊन झाला. शेवटी दाजी गेले, तेव्हा मेजर एवढंच म्हणाले, "मानूस चांगला हाय. नुसतं बटन सोडत न्हाय."

एक गोष्ट सांगायला हवी. मला मध्येच कुणी तोडलं की माझं वाक्य हरवतं, आणि घरी, क्लासमध्ये, सगळीकडे मला तोडतातच. आई माझी वाक्यं स्वतःच पूर्ण करून टाकते. मेजरांसमोर मात्र मी एकदा, मला हे काम का आवडत नाही आणि तरी मी इथं का आहे, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये दोनदा अडकले. अंगठा वरच होता. माझं संपल्यावरही ते थांबले. मग म्हणाले, "मिळालं." फौजेत निरोप पोचला की असं काहीतरी म्हणत असावेत. त्यांनी सल्ला दिला नाही. मीही त्यावर पुन्हा बोलले नाही.

फोनवरचे दोन इंटरव्ह्यू झाले. पहिल्यात त्यांच्या थांबण्यामुळे पलीकडच्याला वाटलं, फोन कट झाला, आणि त्यानं खरंच कट केला. दुसऱ्यात वय विचारलं आणि कळवतो म्हणाले.

तिसरा पुण्याच्या कंपनीचा, ऑनलाइन. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या काचेच्या केबिनमध्ये लॅपटॉप लावला. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, बूट आरशासारखे. कॅमेऱ्यात बूट दिसत नाहीत हे मी सांगितलं नाही. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसले. आमचं ठरलं होतं, समोरच्याचा प्रश्न संपला की मी बोट वर करायचं, आणि त्यांनी त्या क्षणी बोलायचं.

पहिलं उत्तर छान गेलं. दुसऱ्यावेळी मी बोट वर केलं, ते बोलू लागले, आणि समोरच्याचं अजून संपलेलं नव्हतं. आवाज उशिरा येत होता. दोघं एकदम बोलले, दोघं एकदम थांबले. "बोला, बोला," समोरचा म्हणाला. ते लाईन मोकळी व्हायची वाट बघू लागले. तोही वाट बघू लागला. मी बोट वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. टेबलाखाली त्यांचा अंगठा मांडीत रुतला होता.

"क्लाउडवर काम केलंय का?"

"क्लासमध्ये केलंय, सर."

"प्रत्यक्ष?"

माझं बोट वर गेलं. "न्हाय, सर."

समोरचा माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि मराठी होता, म्हणून शेवटी मराठीतच म्हणाला, "काका, खरं सांगू? या पोस्टसाठी माझ्याकडे तुमच्या निम्म्या वयाची मुलं आहेत. एक्स-सर्व्हिसमन आम्ही सिक्युरिटीला घेतो. तिकडे नाव देऊ का?"

मी बोट वर करायचं विसरले. त्यांनी या वेळी अंगठा उघड टेबलावर ठेवला. दाबला. थांबले. "नको, सर. थँक यू, सर."

अंगठा उचलला आणि स्क्रीनकडे बघत बसले. तिथं आता फक्त त्यांचाच चेहरा होता.

"सर, ते गेले," मी म्हणाले.

"काय बोलले न्हाईत की."

"झालं ना सर, संपलं."

"रेडिओवर स्टेशन बंद करायच्या आधी सांगत्यात, मॅडम," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले. मी लॅपटॉप बंद केला नाही. त्यांनीच उठून हळूच झाकण लावलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते क्लासला आले नाहीत. कुणी काही विचारलं नाही. नवी बॅच भरली. मी नव्या मुलांना सांगते, प्रश्न संपला की लगेच बोला. ती बोलतात. प्रश्न संपायच्या आधीच बोलतात. त्यांना कामं मिळतात.

मागच्या महिन्यात बाबांचे डोळे तपासायला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. पार्किंग तळघरात. उतार इतका अरुंद की एका वेळी एकच गाडी, म्हणून वर एक वॉचमन, खाली एक, दोघांकडे वॉकीटॉकी. वर आकाशी शर्टात मेजर होते.

खालचा अखंड ओरडत होता. "सोडू नगंस, सोडू नगंस! अर्र, सोड की! थांब, थांब, ह्यो येडा मागं घ्याय लागलाय! सोडलास का?" मेजर वॉकीटॉकी तोंडाजवळ धरून उभे होते. अंगठा बटणावर होता, पण दाबलेला नव्हता. खालच्याचं संपायची वाट बघत होते. मागं गाड्यांची रांग लागली होती. "ओ काका, झोपलाय काय?" एकानं मुंडी बाहेर काढून विचारलं.

आमची गाडी त्यांच्याशेजारी आली. मी काच खाली केली. त्यांनी बघितलं, ओळखलं.

"मॅडम," ते म्हणाले.

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि वाक्य नेहमीसारखं उशिरा जुळत होतं. मागं हॉर्न वाजू लागले. खालचा ओरडतच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. वॉकीटॉकी पट्ट्याला अडकवला, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, आणि मी तोंड उघडायच्या आत फुंकली.